आरसी ट्रकचे टायर: हेक्सच्या मापापासून पिनियनच्या दातांपर्यंत सगळं

मागच्या दिवाळीत भाच्याचा फोन आला, "मामा, टायर आले पण बसतच नाहीत." त्याच्याकडे ट्रॅक्सस कंपनीचा स्लॅश नावाचा आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा ट्रक आहे, एक दशांश (१/१०) स्केलचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढा, टू-व्हील ड्राइव्हवाला. खाऊचे पैसे साठवून त्याने ऑनलाइन चार मोठे जाडजूड टायर रिमसकट मागवले होते, विक्रेत्याने लिहिलं होतं की सगळ्या ऑफ-रोड ट्रकला चालतील. मी जाऊन बघितलं तर रिमच्या मागचा खड्डा १७ मिलिमीटरचा आणि गाडीचा हेक्स, म्हणजे चाक ज्यावर अडकतं तो सहा कोनी तुकडा, १२ मिलिमीटरचा. म्हणजे आख्खा रिम हेक्सवर गरगर फिरतोय, नट कितीही आवळा. पोराचं तोंड एवढंसं झालेलं. तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवायचं, कारण आपल्याकडे बाहेरून पार्ट मागवायचा म्हणजे महिनाभर वाट, वर कुरिअर, कस्टम, आणि परत पाठवायचा म्हटलं तर वस्तूपेक्षा खर्च जास्त.

तर सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. टायर ही गाडीची सजावट नाही. टायर बदलला की गिअरिंग (मोटारच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते ते) बदलतं, मोटारवरचा लोड बदलतो, सर्वोवरचा (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटारवरचा) लोड बदलतो, ड्राइव्हशाफ्टवरचा (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या दांड्यावरचा) ताण बदलतो. म्हणून "कुठला टायर घेऊ?" ह्या प्रश्नाच्या आधी दोन प्रश्न येतात, गाडी कुठल्या जमिनीवर चालवणार आणि गाडीत आत्ता काय काय बसवलेलं आहे.

पहिलं काम: व्हर्नियर हातात घ्या

प्लास्टिकचा व्हर्नियर पण चालेल, पण अंदाजाने मापं घेऊ नका. चाक काढा, १/१० च्या बहुतेक गाड्यांना एम४ नट असतो, त्याला ७ मिमीचा बॉक्स पाना लागतो. चाक निघालं की मागे सहा कोनी तुकडा दिसेल, तोच हेक्स. समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर मोजा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नाही. १/१० ला सहसा १२ मिमी निघतं, स्लॅश, टीआरएक्स-४, एससीएक्स१० सगळे ह्यातले, आपल्याकडे खूप खपलेली डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ बग्गी १/१४ ची असूनही तिला १२ च आहे. अरमा क्रेटन ६एस सारख्या १/८ वाल्यांना १७, ट्रॅक्सस एक्स-मॅक्सला २४. चिमुकल्या एससीएक्स२४ ला ७. अधेमधे १४ वाल्या पण गाड्या आहेत, म्हणून स्केल बघून माप गृहीत धरू नका, मोजा.

हेक्स काढून ठेवताना त्याच्यामागे एक बारीक आडवी पिन असते ती हमखास पडते आणि गवतात पडली तर गेलीच. खाली एखादं फडकं अंथरून काम करा.

आता रिमचं माप. टायरवर १.९, २.२, २.८, ३.८ असे आकडे असतात, ते इंचात असतात आणि ते टायरच्या उंचीचे नसून रिमचे असतात, म्हणजे टायरची कड जिथे बसते तिथला व्यास. क्रॉलरना (दगडांवर हळूहळू चढणाऱ्या गाड्यांना) १.९ किंवा २.२, स्टॅम्पीड-रस्टलरना २.८, १/८ च्या मॉन्स्टर ट्रकना ३.८. शॉर्ट कोर्स ट्रकची (स्लॅश ह्याच जातीचा) भानगड निराळी आहे, त्यांना २.२/३.० असं दुहेरी माप असतं, रिमची बाहेरची कड २.२ आणि आतली ३.०. त्यामुळे शॉर्ट कोर्सचा टायर दुसऱ्या कुठल्या रिमवर ओढूनताणून बसवायच्या भानगडीत पडू नका.

तिसरं माप ऑफसेटचं, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. रिममधला हेक्सचा खड्डा रिमच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे तो ऑफसेट. टू-व्हील स्लॅशच्या पुढच्या रिमचा ऑफसेट मागच्यापेक्षा वेगळा असतो, फोर-बाय-फोर स्लॅशचे चारही सारखे आणि ते टू-व्हीलच्या मागच्याशी जुळतात. म्हणजे टू-व्हीलला एकाच प्रकारचे चार रिम आणले तर मागे मस्त बसतील आणि पुढे बसूनही चाकं चुकीच्या जागी येतील. जुन्या धाटणीच्या टू-व्हील रस्टलर आणि स्टॅम्पीडला तर पुढे हेक्सच नसतो, बेअरिंग थेट रिममध्ये बसतात, ५×११×४ मापाची. ऑर्डर करण्याआधी पानावर "फ्रंट" लिहिलंय की "रिअर" हे दोनदा वाचा. चाकं बाहेर काढायला जाड हेक्स किंवा वाइडनर मिळतात, गाडी पसरट आणि स्थिर दिसते, उलटते पण कमी, पण चाक जितकं बाहेर तितका स्टिअरिंग ब्लॉक आणि बेअरिंगवरचा दाब जास्त आणि सर्वोलाही तरफेसारखा जास्त जोर लावावा लागतो. थोडंसं ठीक, फार नको.

आता जमीन

आपल्याकडची जमीन हा माझा सगळ्यात आवडता विषय, कारण बाहेरचे सगळे सल्ले क्ले ट्रॅक आणि कार्पेटवर चालवणाऱ्यांचे असतात आणि आपण चालवतो टेकडीवर, शेताच्या बांधावर, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

पुण्यातल्या टेकड्यांवर मुरूम आहे. खाली घट्ट थर आणि वर सुटी खडी, म्हणजे चाक पकड घेतं न घेतं तोच खालचे दाणे गोळ्यांसारखे घरंगळतात. इथे फार उंच लगचा टायर (लग म्हणजे टायरवरचे रबराचे ठोकळे) उपयोगाचा नाही, कारण उंच ठोकळे घट्ट थरावर वाकतात आणि गाडी वळणावर डुलते. मध्यम उंचीचे, बऱ्यापैकी जवळजवळ असलेले ठोकळे आणि मऊ रबर, हे इथलं उत्तर. कंपाउंडची नावं प्रत्येक कंपनीची वेगळी, प्रो-लाइनचं एम३ म्हणजे सॉफ्ट आणि एम४ म्हणजे सुपर सॉफ्ट, जेकॉन्सेप्ट्सवाले रंगावरून सांगतात, ब्लू सॉफ्ट आणि ग्रीन त्याहून मऊ. मुरमासाठी एम३ च्या आसपास थांबा. आणि मऊ रबर घेऊन डांबरी रस्त्यावर फिरवलात तर ते खोडरबरासारखं झिजतं, अक्षरशः डोळ्यादेखत, म्हणून रस्त्यावर चालवायला गाडीसोबत आलेले मूळचे कडक टायर जपून ठेवा, फेकू नका.

काळी माती ही वेगळीच दुनिया. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडचे लोक मी काय म्हणतोय ते लगेच समजतील. उन्हाळ्यात ती भेगाळलेली आणि ढेकळं दगडासारखी, तिथे उंच आणि मोठ्या व्यासाचा टायर पाहिजे नाहीतर गाडी ढेकळावर पोट टेकून बसते. पावसाळ्यात खरी कसोटी. मी एकदा आमच्या गावाकडे पाऊस उघडून दोन तास झाल्यावर गाडी काढली, दहा मीटर सुद्धा गेली नसेल, चारही चाकांवर मातीचे लाडू वळले गेले, नक्षी गायब, टायर दीडपट जाड झाला आणि माती आतल्या बाजूने सस्पेन्शनच्या आर्मला घासायला लागली. मोटार कण्हत होती. मी थ्रॉटल सोडून गाडी उचलली तर हातात नेहमीपेक्षा कितीतरी जड लागली. पूर्ण भिजलेल्या पाणथळ चिखलात एवढा त्रास होत नाही, माती पातळ असते, फेकली जाते. अर्धवट ओली असते तेव्हा ती चिकटते. वाफसा आल्याशिवाय शेतकरी रानात औत घालत नाही, तो नियम आरसीला पण तंतोतंत लागू आहे. तरीही चालवायचीच असेल तर ठोकळे उंच आणि एकमेकांपासून लांब लांब असलेला टायर घ्या, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखा, म्हणजे चाक जोरात फिरलं की माती झडून जाते.

कोकणात दोन प्रकार. लाल माती आणि सड्यावरचा जांभा. जांभ्याचा कातळ खडबडीत आणि भोकाभोकांचा, पकड फार छान मिळते पण धारदार कडा टायरच्या बाजूच्या पातळ भिंती कापतात, तिथे जाड साइडवॉलचा टायर पाहिजे. आणि लाल मातीची बारीक धूळ बेअरिंगमध्ये शिरते ती वेगळीच, चार-पाच बॅटऱ्या संपेपर्यंत गाडी चालवली की चाक हाताने फिरवून बघा, खरखर जाणवली तर बेअरिंग बदला. समुद्रकिनाऱ्याच्या सुक्या वाळूत मागे पॅडल टायर (वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचे) आणि टू-व्हील गाडीला पुढे उभ्या पट्टीचे रिब टायर, हे जुनं आणि आजही चालणारं उत्तर आहे. पण खाऱ्या पाण्यापासून गाडी लांब ठेवा. वॉटरप्रूफ लिहिलेली असली तरी मीठ बेअरिंग, स्क्रू, मोटार सगळ्यांना खातं, घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवून, पुसून, बेअरिंगला तेल सोडून मगच कपाटात.

क्रॉलर घेऊन सह्याद्रीतल्या कातळावर चढणाऱ्यांनी वेगाचा विचारच सोडून द्या, तिथे सगळ्यात मऊ रबर, प्रो-लाइनचं जी८ किंवा प्रिडेटर ह्या जातीचं, आणि फोम असा की टायर दगडावर चपटा होऊन त्याला मिठी मारेल.

फोम आणि भोकं

एक दशांशच्या ह्या गाड्यांच्या टायरमध्ये हवा भरलेली नसते, आत स्पंजचं कडं असतं. ओपन सेल फोम मऊ, स्वस्त, आणि पाणी पितो. क्लोज्ड सेल थोडा महाग, पाणी पीत नाही, आकार टिकवतो, वेगात चालवणाऱ्यांनी तोच घ्यावा. टायर हातात घेऊन अंगठ्याने दाबा, रिमला टेकेपर्यंत सहज दबला तर मोकळ्या मैदानात उड्या मारताना रिम फुटणार.

हवा आत-बाहेर व्हायला भोकं लागतात, ती बहुधा रिममध्ये असतात. पावसात हीच भोकं पाणी आत घेतात, मग ओला फोम चाकाचं वजन दुप्पट करतो आणि गाडी वेगात थरथरते. पावसाळ्यासाठी माझी पद्धत अशी: रिमची भोकं आतून टेपने बंद करायची आणि टायरच्या नक्षीच्या बरोबर मध्यावर, समोरासमोर, दोन बारीक भोकं गरम सुईने पाडायची. चाक फिरलं की पाणी स्वतःहून बाहेर फेकलं जातं.

जोरात थ्रॉटल दिला की टायर फुगून भाकरीसारखा पातळ आणि उंच होतो, ते ३एस (तीन सेलच्या) बॅटरीवर जास्तच. त्यासाठी बेल्टेड टायर मिळतात, आत पट्टा असतो, फुगत नाहीत. जड असतात हे मात्र विसरू नका.

चिकटवणं, घाईचं काम नाही

बीडलॉक रिम असेल तर स्क्रूने कडं आवळायचं, गोंदाची गरज नाही. बाकी सगळ्यांना गोंद. आपलं फेविक्विक चालतं, तेच सायनोअॅक्रिलेट आहे. पण नव्या टायरवर साच्यातून काढताना लावलेला तेलकट थर असतो आणि तो न पुसता चिकटवलं की दुसऱ्या बॅटरीला टायर सुटलाच समजा. टायरची कड आणि रिमची खाच आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रिमच्या खाचेवर बारीक पॉलिश पेपर हलकासा फिरवा, परत पुसा, वाळू द्या. फोम आत सरळ बसलाय ना, कुठे दुमडला नाही ना, बोटाने चाचपून घ्या. मग टायर रिमवर चढवून कड सगळीकडून खाचेत बसवा, अंगठ्याने कड थोडीशी बाजूला ओढा, एक थेंब सोडा, सोडून द्या, तो थेंब स्वतःच खाचेत पसरत जातो, दोन सेंटीमीटर पुढे पुढचा थेंब. एक बाजू झाली की रबरबँड आडवे घालून अर्धा तास ठेवा, मग दुसरी बाजू. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते, चष्मा घाला, आणि लहान मुलांकडून हे करून घेऊ नका.

जुना टायर काढून रिम वाचवायचा असेल तर जुन्या पातेल्यात, स्वयंपाकाच्या नाही, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा, गोंद सुटतो आणि हातमोजा घालून ओढून काढता येतो. अॅसिटोनमध्ये बुडवू नका, काही रिमचं प्लास्टिक त्यात विरघळतं.

हिशोब: इथे मोटार वाचते

भाच्याच्या स्लॅशचंच उदाहरण घेऊ. आतल्या गिअरबॉक्सचा रेशो २.७२, स्पर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) ८६ दातांचा, पिनियन (मोटारच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) २३ चा धरू. ८६ भागिले २३ गुणिले २.७२, उत्तर १०.१७. म्हणजे मोटार १०.१७ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. मूळ टायर साधारण ११० मिमी व्यासाचा धरला तर मोटारच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे ३४ मिमी पुढे जाते.

आता त्यावर १२५ मिमीचा टायर बसवला. गाडी साडेसात मिमी उंच झाली, छान दिसतेय, पण मोटारच्या एका फेऱ्यात ती जवळजवळ १४ टक्के जास्त अंतर ओढतेय, म्हणजे तुम्ही न सांगता गिअर वरचा टाकलात. शिवाय टायर जड. मोटार तापते, ईएससी (मोटारचा वेग सांभाळणारं सर्किट) तापतो, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला गाडी वेगवान वाटते म्हणून माणूस खूश असतो. परत त्याच ३४ मिमीच्या जवळ यायचं तर पिनियन लहान करायचा: ८६ भागिले २० गुणिले २.७२ म्हणजे ११.७, आणि त्याने अंतर साडेतेहेतीस मिमीवर येतं. म्हणजे २३ च्या जागी २० दाती. टायर फार जड असेल तर १९ लावा. ह्या पिनियनची किंमत टायरच्या तुलनेत काहीच नाही, टायरसोबत त्याच ऑर्डरमध्ये मागवा.

पिनियन घेताना दातांची जात जुळली पाहिजे. ह्या स्लॅशला ४८ पिच लागतो (पिच आणि मॉड ही दातांच्या आकाराची मापं). इतर गाड्यांना ३२ पिच, मॉड ०.८, मॉड १ असे प्रकार असतात. ३२ पिच आणि मॉड ०.८ दिसायला सारखेच आणि फिरतात पण एकत्र, पण बरोबर बसत नाहीत आणि दात झिजतात, दोन्ही गिअर एकाच जातीचे ठेवा. पिनियनचं भोक ५४० आणि ५५० आकाराच्या मोटारला ३.१७ मिमी, मोठ्या १/८ मोटारला ५ मिमी. पिनियन पकडणारा बारीक ग्रब स्क्रू मोटारच्या शाफ्टच्या सपाट भागावरच आवळायचा, त्याला निळ्या थ्रेडलॉकचा एक ठिपका.

मेश, म्हणजे दोन गिअरचे दात एकमेकांत किती घट्ट बसतात ते, बसवायची सोपी युक्ती: वहीच्या पानाची पट्टी कापा, पिनियन आणि स्परच्या मध्ये घाला, मोटार दाबून धरा, स्क्रू आवळा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या सुरकुत्या दिसल्या पण ती फाटली नाही तर मेश बरोबर. फाटली म्हणजे फार घट्ट. स्पर फिरवत तीन-चार ठिकाणी तपासा, कारण प्लास्टिकचा स्पर क्वचितच अगदी गोल असतो.

स्लिपर क्लच असेल तर जड टायरनंतर तो परत लावून घ्या, नट पूर्ण आवळून मग अर्धा ते एक वळसा सैल करायचा. उडी मारून खाली येताना चाकांचा झटका तोच गिळतो, तो जाम आवळलेला असेल तर झटका सरळ स्परच्या दातांवर नाहीतर ड्राइव्हशाफ्टवर.

बाकीचे पार्ट, गरजेपुरते

सगळे एकदम बदलू नका. माझा क्रम असा: पहिल्यांदा सर्वो, कारण जड टायर जागच्या जागी वळवायला १/१० च्या मूळ सर्वोला जड जातं, तो घरघरतो आणि त्याचे प्लास्टिकचे गिअर जातात. १५ ते २० किलो ताकदीचा, मेटल गिअरवाला पुरतो. घेताना शाफ्टचे दात बघा, २३, २४ आणि २५ असे प्रकार आहेत, हॉर्न (शाफ्टवर बसणारा छोटा हात) त्याच दातांचा लागतो. शिवाय मोठा सर्वो अडकला की एकदम करंट ओढतो, ईएससीमधला बीईसी (सर्वो आणि रिसीव्हरला वीज पुरवणारा भाग) कमी पडला तर रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर क्षणभर झोपतो आणि गाडी तेवढ्यात भिंतीवर. तसं झालं तर वेगळा बीईसी लावा.

मग ड्राइव्हशाफ्ट. प्लास्टिकचे सरकते शाफ्ट मूळ टायर आणि २एस वर वर्षानुवर्षं टिकतात, मोठे टायर अधिक ३एस म्हटलं की पिळले जातात, तेव्हा स्टीलचे घ्या. सस्पेन्शनच्या आर्मसाठी मात्र मी अॅल्युमिनियम घेत नाही. चकाकतं सुंदर, पण दगडावर आपटलं की वाकतं आणि वाकलेलं तसंच राहतं, किंवा धक्का पुढे चॅसीला देतं. आरपीएम कंपनीसारखे चिवट नायलॉनचे आर्म वाकून परत सरळ होतात.

बॉडी घासते का ते बघायला गाडी हाताने पूर्ण दाबा आणि स्टिअरिंग एका टोकाला पूर्ण वळवा, मग दुसऱ्या टोकाला. जिथे टायर लागतोय तिथे पेनाने खूण करून वक्र कात्रीने थोडं थोडं कापा.

पहिली बॅटरी

नवीन सेटअपवर पहिली बॅटरी आख्खी संपवू नका. तीन मिनिटं चालवा, थांबवा, मोटारला हात लावा. बोट तीन सेकंद ठेवता येत नसेल तर गिअरिंग अजून वरचं आहे, पिनियन एक दात कमी करा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच, मोटार ८० अंशांच्या बरीच खाली राहिली पाहिजे आणि लायपो बॅटरी ६० च्या वर कधीच जाऊ नये. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी हवाच ४५ अंश असते, तिथे संध्याकाळीच चालवा.

मग चारही नट परत आवळून बघा, नवीन रिम पहिल्या धावेत थोडे बसतात आणि नट सैल होतात. टायरची कड सगळीकडून अंगठ्याने ओढून बघा, जिथे उघडतेय तिथे परत एक थेंब.

भाच्याचे ते १७ वाले टायर शेवटी शेजारच्या इमारतीतल्या एका १/८ वाल्या मुलाला दिले, त्याच्याकडचा १२ हेक्सचा जवळजवळ नवा शॉर्ट कोर्स सेट बदल्यात मिळाला, पुढचे दोन पुढच्या ऑफसेटचे आणि मागचे दोन मागच्या. १२० मिमी व्यास, म्हणून पिनियन २१ चा लावला. रविवारी टेकडीवर दोन बॅटऱ्या चालवल्या, मोटार ६२ अंश.